आधी मस्टर बघा, मग वॉचमनचा फोटो टाका

आज सकाळी आमच्या टिळकवाडीतल्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला. पहाटे पाचची वेळ, वॉचमनमामा खुर्चीत झोपलेले, मान एका बाजूला पडलेली. खाली लिहिलंय, 'ह्यासाठी मेंटेनन्स भरतो का आपण?' त्यावर हसणारे चेहरे. आणि सेक्रेटरींचं उत्तर, 'आजच एजन्सीला सांगून माणूस बदलतो.' टाळकंच सटकलं माझं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, कॉलेज सुटल्यावर मी उद्यमबागेत एका फौंड्रीच्या गेटवर सिक्युरिटीत होतो. एजन्सीचं नाव घेत नाही, घेऊन काही होणार पण नाही. खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा. केंद्राच्या नमुना नियमांत गार्डला १६० तासांचं ट्रेनिंग लिहिलंय, १०० तास वर्गात आणि ६० फील्डवर. माझं ट्रेनिंग बसस्टॉपपासून गेटपर्यंत चालता चालता उरकलं. 'मालकांची गाडी पांढरी. दिसली की सॅल्यूट. बाकीच्यांचं रजिस्टरला लिहून घे.' झालं! शर्ट, टोपी, शिट्टी दिली आणि पहिल्या पगारात त्याचे पैसे कापले.

त्या गेटवरची एक रात्र काही डोक्यातून जात नाही. जुलै महिना, बेळगावचा पाऊस. सकाळी आठला चार्ज घेतलेला. रात्रीचा रिलीव्हर खानापूरकडचा, तो आलाच नाही. सुपरवायझरला फोन लावला तर म्हणतो, 'जरा अ‍ॅडजस्ट कर की रे, डबल लावतो.' पॉइंट सोडून जाता येत नाही. बसलो. रजिस्टरमध्ये पहाटे तीननंतरचं माझं अक्षर ओळ सोडून खाली खाली घसरत गेलेलं, शेवटच्या ट्रकचा नंबर तर भलत्याच रकान्यात. साडेपाचला मॅनेजर आले तेव्हा डोळा लागलेला. एक दिवसाचा पगार कापला. आणि कडी म्हणजे, गेटवरची खुर्चीच उचलून नेली!

आमच्याबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले एक काका होते. खुर्ची गेलेली बघून म्हणाले, 'फौजेत रात्रीचा संत्री दोन तासांनी बदलतात रे. इथं बिडाच्या भंगाराला चोवीस तास एकच माणूस?'

जादा तासाला दुप्पट दर हा कायदा आहे. आमची 'डबल' म्हणजे नुसती दुसरी हजेरी, साध्याच दराने, तीसुद्धा पुढच्या महिन्यात. पीएफ दर महिन्याला कापायचे. नोकरी सोडल्यावर पासबुक उघडलं तर मधले महिने कोरडेच. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय. पण गेटवर उभा राहून मालकाला हे सांगणार कोण? सॅल्यूट मारता मारता?

एजन्सीवाल्यांचंही बिल कंपन्या थकवतात, मान्य. सगळ्यात कमी रेट देईल त्यालाच काम देणारे आपणच, हेही मान्य. म्हणून गार्डच्या झोपेतून पैसे काढायचे?

पलीकडे महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याने सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. कंपनी मंडळाकडे पैसे भरते आणि नोंदणी झालेल्या रक्षकाला मंडळ पगार देतं. तिथेही सगळं आलबेल नाही, ठाऊक आहे. पण सीमाप्रश्नावर घसा कोरडा करणारे आपण, सीमेपलीकडची ही एक गोष्ट इकडे हवी असं एकाही सभेत कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

असो. चिडून लिहितोय. मघाशी खाली जाऊन मामांना विचारलं. दिवसपाळीचा माणूस गावच्या जत्रेला गेलाय, त्यामुळे परवापासून दोन्ही पाळ्या तेच ओढतायत. मधे घरी जाऊन अंघोळ करून येतात तेवढंच. फोटोचं त्यांना कळलंय. 'जाऊ दे साहेब, लिफ्टची लाइट गेलीय, तेवढं सेक्रेटरींना सांगा,' म्हणाले.

सांगितलं. शिवाय रविवारच्या मीटिंगला एजन्सीचं बिल, ह्या महिन्याचं मस्टर आणि पीएफच्या चलनाची कॉपी टेबलावर पाहिजे, हेही सांगितलं. फ्लॅटमागे थोडे पैसे वाढवून तिसरा माणूस ठेवायचा विषय मी मांडणार आहे. विरोध असेल त्याने तिथे तोंडावर बोलावं.