दंडाने रांग लागेल, पुढे काय?

मतदान सक्तीचं करावं असं म्हणणारा लेख वाचला, त्यात ऑस्ट्रेलियाचा दाखला दिलाय. दाखला खराच आहे. तिथे 1922 ला साठ टक्क्यांच्या आत असलेलं मतदान मत न देणाऱ्याला दंड करणाऱ्या 1924 च्या कायद्यानंतर, 1925 मध्ये नव्वदच्या वर गेलं. पण आजही ते नव्वदच्या आसपास टिकून आहे ते निव्वळ दंडाच्या धाकाने नव्हे हो. शनिवारी मतदान, टपालाने किंवा आधीच मत द्यायची सोय, इस्पितळांपर्यंत जाणारी फिरती केंद्रं, हे सगळं लेखातून गळालंय. आधी वाट तर सोपी करा, मग पावती फाडा!

उलट स्वित्झर्लंड बघा. संसदेच्या निवडणुकीला हल्ली निम्मेही मतदार येत नाहीत. म्हणून ते लोक उदासीन? वर्षातून साधारण चार वेळा तिथे सार्वमत घेतात, आणि एक लाख सह्या जमवल्या की नागरिक स्वतः घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदानाला आणू शकतात. नुसत्या टक्केवारीत हे दिसणारच नाही.

मला तर मत न देणाऱ्यापेक्षा, मत देऊन पुढच्या निवडणुकीपर्यंत आपल्या प्रतिनिधीला एकही प्रश्न न विचारणाऱ्याची जास्त काळजी वाटते. लेखकाने त्याच्यावरही लिहावं.