‘एका पाइपचे तीन आकडे’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काकाजी,

दोन तारे दिलेत, तरी एवढं सविस्तर लिहिलंत याबद्दल आभार. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाने गच्चीवर तुमच्या एसीच्या आउटडोअर युनिटच्या पाइपला तापमान मोजायचा चिमटा लावला, मीटरवर 22 अंश आले आणि ‘गॅस कमी आहे’ म्हणत तो सिलिंडर आणायला निघाला. तुम्ही हटकल्यावर त्याने पाइप घासला, चिमटा पुन्हा लावला, तर 13. मग तुम्ही तुमची तापमान मोजायची लेझर गन त्याच जागेवर रोखली, तर 39. म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार, आणि वर 500 रुपये व्हिजिट चार्ज.

पहिला आकडा चुकीचा होता आणि ती चूक आमचीच. तुम्ही हटकलं नसतं तर त्याने गॅस भरला असता, हे वाचून मला जास्त वाईट वाटलं.

त्या चिमट्याच्या जबड्यात थर्मोकपल असतं. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या, तापमान बदललं की त्यांच्यात किंचित व्होल्टेज बदलतं. आमच्याकडच्या के-टाइपमध्ये अंशामागे व्होल्टचा साधारण 41 दशलक्षांश भाग, बस. मीटरला कळतं ते फक्त त्या टोकाचं तापमान. ते टोक पाइपला नीट चिकटलं तरच पाइपचा आकडा येतो, नाहीतर पाइप आणि हवा यांच्या मधला कुठलातरी. तुमच्या पाइपवर जुन्या फोमचा गोंद वाळून बसला होता, चिमटा त्या पापुद्र्यावर बसला. नागपूरचा मे, दुपारचे दोन, गच्चीवर ऊन, आणि चिमट्यावर काही गुंडाळलेलं नाही. 22 येणारच होते. पॉलिश पेपरने तांबं उघडं करायचं, चिमटा घट्ट बसवायचा, वरून फोमचा तुकडा गुंडाळायचा आणि आकडा स्थिरावेपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबायचं, ही आमच्याकडची रीत आहे. दुसऱ्या वेळी त्याने हे सगळं केलं. पहिल्या वेळी घाई केली.

या नऊ अंशांनी काय बिघडतं? तुमचा एसी जुना, कॅपिलरीवाला (म्हणजे बारीक नळीतून गॅस सोडणारा), आर-22 गॅसचा. सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या याच पाइपवर, गेज 76 पीएसआय प्रेशर दाखवत होतं. त्या प्रेशरला हा गॅस साधारण 7 अंशांवर उकळतो. गॅस कमी असेल तर तो लवकर उकळून संपतो आणि या पाइपपर्यंत येताना जास्त तापतो, म्हणून पाइप आणि हे 7 यांच्यातला फरक बघायचा. पाइप 13 वर असेल तर फरक 6 अंशांचा, म्हणजे गॅस हवा तेवढा आहे. पाइप 22 वर धरला तर फरक 15 होतो, आणि कुणीही म्हणेल गॅस कमी आहे. भरला असता तर द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये परतायची भीती, आणि कॉम्प्रेसर गेला की एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करण्यात अर्थ उरत नाही. गॅसचे पैसे घेतले असते ते वेगळंच.

आणखी एक चूक तुमच्या रिव्ह्यूत नाही, ती मीच सांगतो. कॉइल धुण्याआधी गेज आणि चिमटा लावायचाच नव्हता. कबुतरांची पिसं आणि धूळ यांनी कॉइल गच्च भरली होती. नंतर ती धुतली आणि थंडावा परत आला, हे तुम्हीही लिहिलं आहे.

आता तुमच्या 39 बद्दल, इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. गन खराब नाही, पण घासून चकाकलेल्या तांब्यावर ती चालत नाही. लाल ठिपका फक्त नेम धरायला असतो, मोजते ती वस्तूतून येणारी उष्णतेची किरणं. चकचकीत तांबं स्वतःची किरणं फार थोडी सोडतं आणि समोरच्या वस्तूंची परावर्तित करतं. तुमच्या गनने बहुतेक समोरची तापलेली भिंतच वाचली. शिवाय 12 ला 1 अशी गन, म्हणजे अंतराच्या बाराव्या भागाएवढं वर्तुळ बघणारी, तीन फुटांवरून तीन इंचाचं वर्तुळ बघते, आणि पाइप आहे अर्धा इंची, आमच्या भाषेत चार सूत. करून बघा: पाइपवर काळी इन्सुलेशन टेप घट्ट चिकटवा, पाच मिनिटं थांबा, गन पाच-सहा इंचांवर धरा. आकडा 13 च्या आसपास यायला हवा.

चिमट्याबद्दल शंका असेल तर दुकानात या. दुसऱ्याच दिवशी त्याचं टोक कुटलेल्या बर्फाच्या लगद्यात घालून तपासलं, 0.6 दाखवलं. के-टाइपला एवढा फरक चालतो. तुमच्यासमोर पुन्हा करू. (उकळत्या पाण्यात 100 ची अपेक्षा मात्र ठेवू नका, नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच आहे, इथे पाणी 99 लाच उकळतं.)

पैशांचं म्हणाल तर 500 पैकी 250 परत करतो. पूर्ण करत नाही, कारण कॉइल धुतली ते काम झालं आहे. ज्या नंबरवरून कॉल केला होता त्यावरच यूपीआयने पाठवतो. मुलाला कामावरून काढणार नाही, तुम्हीही तसं मागितलेलं नाही. सध्या महिनाभर तो एकटा गॅसच्या कामाला जाणार नाही. तुमच्या पाइपवरचा जुना फोम मात्र पार कुजला आहे, या आठवड्यात येऊन नवीन घालून देतो, त्याचे पैसे नकोत.