‘टक्के वाढवून घ्या, मनाचे सोडून द्या’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

बीड-लातूरकडील अपघातग्रस्तांच्या घरांत सध्या मोबाइलवरून एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा : विमा कंपनीने सांगितलेल्या तपासणीला जाऊ नका, ओळखीच्या डॉक्टरकडून जास्तीत जास्त टक्क्यांचा अपंगत्वाचा दाखला घ्या, कारण जेवढे टक्के तेवढी भरपाई, आणि मनाच्या धक्क्याविषयी बोलू नका, तो मोजता येत नाही. हा सल्ला आपुलकीने पुढे पाठवला जातो, तरीही तो पाळणाऱ्याचाच दावा दुबळा होतो.

पहिल्या मुद्द्यामागची शंका रास्त आहे. कंपनीकडून मानधन घेणारा डॉक्टर केवळ ‘स्वतंत्र’ म्हटल्याने तटस्थ ठरत नाही. परंतु त्यावरचा उपाय तपासणी टाळणे हा नसून वैद्यकीय मंडळाकडून तपासणी व्हावी अशी मागणी करणे हा आहे, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला तसा आदेश देता येतो.

सर्वाधिक नुकसान दुसरा मुद्दा करतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की एका अवयवाचे अपंगत्व, संपूर्ण शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट या तीन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन डॉक्टरने सांगायच्या, तिसरी न्यायाधिकरणाने पुराव्यावरून ठरवायची. त्या निकालातील उदाहरणाप्रमाणे डावा हात गमावल्याचे अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरले, तरी सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, तर कारकुनाची नोकरी टिकू शकते. आपल्याकडचा ऊसतोड कामगार घ्या. गुडघा पुरता वाकत नाही एवढ्यावरून दाखल्यातला आकडा लहानच राहील. पण फडात वाकून ऊस तोडणे आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे त्याला जमत नाही, आणि उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीला मिळत असल्याने बायकोचेही काम थांबते. न्यायाधिकरणाला हे फुगवलेल्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी गुडघा किती अंश वाकतो, किती ओझे पेलतो, हे नोंदवणारा अहवाल लागतो. शिवाय नीट तपासणी न करता तयार दाखले देणाऱ्या, उपचार न केलेल्या डॉक्टरांच्या साक्षीबाबत सावध राहावे, असे तोच निकाल बजावतो. असा डॉक्टर उलटतपासणीत डगमगला, की खऱ्या दुखापतीवरही संशय येतो.

मनाचा आघात मोजता येत नाही, हे विधान मराठवाड्यात तरी कोणी करू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांची मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा आघातोत्तर ताणविकार (मोठ्या धक्क्यानंतर मागे उरणारा मनोविकार) आणि नैराश्य आढळले होते. ‘घाबरतो’ एवढे लिहून असे मूल्यमापन होत नाही. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो का, त्या रस्त्याने जाणे टळते का, झोप किती आठवड्यांपासून मोडली आहे, अपघातापूर्वी माणूस कसा होता, डोक्याच्या दुखापतीने किंवा जुन्या आजाराने हीच लक्षणे येऊ शकतात का, हे सविस्तर मुलाखतीतून, प्रमाणित प्रश्नावलीतून आणि घरच्यांशी बोलून तपासले जाते. भरपाईच्या बाबी सांगताना वेदना आणि यातनांबरोबर आघाताचाही उल्लेख वरील निकालात आहे.

अडचण येते ती नोंदीची. ट्रकचा हॉर्न ऐकून थरथरणारा माणूस हाडाच्या डॉक्टरला पाय तेवढा दाखवून परततो, केसपेपरवर मनाविषयी एक ओळही येत नाही, आणि साक्षीच्या वेळी तीच तक्रार नव्याने रचल्यासारखी दिसते. पाय दाखवायला ज्या शासकीय रुग्णालयात जाल, तेथेच त्याच दिवशी मनोविकार विभागाचाही केसपेपर काढावा.