सातवी-आठवीतलं स्पॅनिश वाया जात नाही

कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांमध्ये सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: मिडल स्कूलमध्ये शिकलेली भाषा कॉलेज प्रवेशाला धरत नाहीत, तिथला कमी ग्रेड मात्र जीपीए (ग्रेडची सरासरी) खाली आणतो, म्हणून नववीत पुन्हा लेव्हल १ पासून, म्हणजे भाषेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गापासून, सुरू करा, आणि मराठीचा इथे काही उपयोग नाही. हे वाचून आई-बाप मुलांना शिकलेलंच पुन्हा शिकायला बसवतात, याचं फार वाईट वाटतं.

‘धरत नाहीत’ हे चूक आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), दोन्हींना ए-जी यादीतले, म्हणजे ‘ए’ ते ‘जी’ अशा विषयगटांतले, वर्षभराचे 15 वर्ग हायस्कूलमध्ये झालेले लागतात. त्यातल्या ‘ई’ गटात इंग्रजीखेरीज एकाच भाषेची किमान 2 वर्षं हवीत. यूसी 3 सुचवते. हायस्कूलने आपल्या वर्गाच्या तोडीचा मानला, तर सातवी-आठवीतला वर्ग यात धरला जातो. मूल नववीत थेट स्पॅनिश २ ला बसलं आणि ‘सी’ किंवा वरचा ग्रेड मिळाला, की लेव्हल १ आपोआप पूर्ण मानली जाते. यूसीच्या अर्जात सातवी-आठवीतली भाषा आणि गणित भरायला वेगळी जागाही आहे.

गोंधळ होतो तो वर्षं मोजताना. कित्येक शाळा स्पॅनिश १ सातवी आणि आठवी अशी दोन वर्षांत विभागून शिकवतात. ते एकच वर्ष धरायचं, कारण मोजली जाते ती लेव्हल. थोडं फ्रेंच, थोडं स्पॅनिश अशी नुसती ओळख करून देणारा वर्ग यात मोजू नका. शिवाय हायस्कूलच्या पदवीला लागणारी क्रेडिट्स हा स्वतंत्र हिशेब आहे. तिथे आठवीचं क्रेडिट दिसलं नाही, म्हणून कॉलेजच्या अटीतूनही ते गेलं असं होत नाही.

यूसीच्या बाबतीत जीपीएची भीती तर पूर्णच निराधार. यूसी जीपीए काढते तो दहावी-अकरावीच्या ग्रेडवरून, नववीनंतरची आणि अकरावीनंतरची उन्हाळी सुट्टी धरून. आठवीतला ‘बी’ त्यात येतच नाही.

मात्र अट पूर्ण झाली म्हणून दहावीत भाषा सोडायची घाई नको. हार्वर्डसारखी विद्यापीठं एकाच भाषेची 4 वर्षं सुचवतात.

राहिली मराठी. सहावीत किंवा त्यानंतर किमान दोन वर्षं मराठी माध्यमात शिकून इथे आलेल्या मुलाचे ग्रेड ‘सी’ वा वरचे असतील, तर त्या गुणपत्रकांवर यूसीची ही अट पूर्ण होऊ शकते. ती भारतातच ठेवून येऊ नका. शनिवार-रविवारच्या मराठी शाळेचं तसं नाही. तो वर्ग आपोआप धरला जात नाही, हायस्कूलने मान्य करावा लागतो.

त्यामुळे आठवीच्या वसंतात, नववीचे विषय निवडण्याआधी, हायस्कूलच्या काउन्सेलरला ईमेल करून एवढंच विचारा: आमच्या मुलाचा हा वर्ग तुम्ही तुमच्या लेव्हल १ च्या तोडीचा मानता का? उत्तर लेखी मागा.