‘नियम सर्वांना सारखेच आहेत’ : एका दाव्याची तपासणी

जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांवर टीका झाली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो : नियम सर्व देशांना सारखे आहेत, प्रत्येकाने ते स्वखुशीने मान्य केले आहेत, मोडणाऱ्याविरुद्ध दाद मागता येते आणि त्यांच्यामुळेच कोट्यवधी लोक गरिबीतून बाहेर पडले, तेव्हा सुधारणेची मागणी म्हणजे स्पर्धेत मागे पडलेल्यांची कुरकुर.

आधी सारखेपणा पाहू. १९९५ पासून लागू झालेल्या कृषी कराराने १९८६-८८ हा काळ आधारभूत मानला. त्या काळात जे देश भरघोस अनुदाने देत होते, त्यांना थोडी कपात करून ती चालू ठेवण्याचा हक्क मिळाला. जे देत नव्हते, अशा बहुतेक विकसनशील देशांवर उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा आली. शिवाय सरकारी धान्यखरेदीतील अनुदान मोजताना आजचा हमीभाव त्याच जुन्या काळातील किमतींशी ताडला जातो, त्यामुळे अनुदान फुगलेले दिसते. ज्यांच्या अनुदानांमुळे नियमांची गरज भासली, सवलतही त्यांनाच मिळाली.

स्वखुशीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. उरुग्वे फेरीतील, म्हणजे ही संघटना ज्यांतून उभी राहिली त्या वाटाघाटींतील, करार एकगठ्ठा स्वीकारायचे होते. बाजारपेठ हवी तर बौद्धिक संपदेचा करारही पत्करावा लागणार होता, आणि बाहेर राहणे लहान अर्थव्यवस्थांना परवडणारे नव्हते.

दाद मागण्याचा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण हा युक्तिवाद सर्वाधिक विसंबतो तो त्याच्यावर. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये तक्रार केली आणि तो जिंकला. अमेरिकेने निकालाचे पूर्ण पालन केले नाही, तेव्हा २००९ मध्ये ब्राझीलला अमेरिकी मालावर प्रतिशुल्क, म्हणजे प्रत्युत्तरादाखल जादा शुल्क, लादण्याची परवानगी मिळाली. ब्राझीलची बाजारपेठ मोठी असल्याने ही धमकी लागू पडली : २०१० मध्ये वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे ठरले आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलरवर तडजोड झाली. बेनिन आणि चाड हे आफ्रिकी देश याच खटल्यात त्रयस्थ पक्ष होते. बुर्किना फासो आणि माली यांच्यासह त्यांनी २००३ पासून कापसाचा प्रश्न वाटाघाटींत लावून धरला होता. तडजोडीची रक्कम मात्र ब्राझीललाच मिळाली. या आफ्रिकी देशांनी स्वतः खटला जिंकला असता, तरी अमेरिकी मालावर शुल्क लावून अमेरिकेचे काय बिघडणार होते? अँटिग्वा या चिमुकल्या कॅरिबियन देशाने अमेरिकेविरुद्धच्या ऑनलाइन जुगाराच्या खटल्यात हाच अनुभव घेतला : प्रत्युपायांची, म्हणजे प्रत्युत्तरादाखल व्यापारी सवलती रोखण्याची, मर्यादा २००७ मध्ये वर्षाला २.१ कोटी डॉलर ठरली आणि २०१३ मध्ये परवानगी हाती आली, पण तिचा वापर करण्याइतके बळ नव्हते. निकाल सर्वांना मिळतो. वसुली बाजारपेठेच्या आकारावर ठरते.

गरिबी घटली आणि व्यापाराचा त्यात वाटा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु चीन या संघटनेत आला तो डिसेंबर २००१ मध्ये, दोन दशकांच्या आर्थिक सुधारणांनंतर आणि भांडवलावरील नियंत्रणे कायम ठेवून. दक्षिण कोरियाने निर्यात अनुदाने आणि देशी सुटे भाग वापरण्याची सक्ती यांच्या आधारे उद्योग उभारले. आजच्या नियमांत या दोन्ही गोष्टी सामान्यतः निषिद्ध आहेत.

सुधारणेने व्यवस्था कोसळेल, अशी भीतीही घातली जाते. प्रत्यक्षात खटल्यांतील निकालांवरची अपिले ऐकणारे संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, ते अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे. याउलट आफ्रिकी आणि अल्पविकसित देशांनी २००२ मध्येच दोन नेमक्या सूचना मांडल्या होत्या : नुकसानभरपाई रोख रकमेत द्यावी, आणि दुर्बल देशाच्या वतीने इतर सदस्यांनी मिळून प्रत्युपाय करावेत. त्या आजही मान्य झालेल्या नाहीत.