संध्याकाळची भूक आणि घरचे पॉपकॉर्न

दुपारचं जेवण एक-दीडला आणि रात्रीचं साडेआठ-नऊला, म्हटल्यावर मधे सहाच्या सुमारास भूक लागणारच. ती मारत बसण्यापेक्षा तिला काय द्यायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. चहाबरोबर फरसाणाचा डबा उघडला की मूठभर शेवेच्या दोन मुठी कधी होतात कळत नाही. ५० ग्रॅम शेव म्हणजे पावणेतीनशे कॅलरींच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा तेलाचा. त्या जागी पॉपकॉर्न खावेत असं माझं ठाम मत आहे. मात्र सुटे दाणे आणून, तेल-मीठ आपल्या हाताने मोजून घरी केलेले. पाकिटातल्या आणि थिएटरातल्या पॉपकॉर्नची वकिली मी करत नाहीये.

आधी हिशोब. दोन माणसांना ५० ग्रॅम दाणे पुरतात, म्हणजे सपाट ४ टेबलस्पून. त्याला २ चहाचे चमचे तेल आणि पाव चमचा मीठ. याच्या दीड ते पावणेदोन लिटर लाह्या होतात, मोठं पातेलं भरेल एवढ्या. माणशी साधारण १३५ कॅलरी, साडेतीन ग्रॅम तंतू, तीनेक ग्रॅम प्रथिनं. मका इथे अख्खा पोटात जातो, सालासकट आणि अंकुरासकट. मैद्याच्या बिस्किटात किंवा खारीत ही गोष्ट नाही. शिवाय वाडगा भरलेला दिसतो, चावायला वेळ लागतो, त्यामुळे थोडक्यात समाधान होतं. प्रथिनांची अपेक्षा मात्र पॉपकॉर्नकडून करू नका. मक्यात लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो, म्हणून सोबत मूठभर फुटाणे घेतले की ती बाजूही सावरते.

आता दाण्याकडे बघू, कारण बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. बाजारातला कुठलाही मका फुटत नाही. स्वीट कॉर्न वाळवला तरी फुटणार नाही, आणि पिठासाठी किंवा कोंबड्यांच्या खाद्यासाठी येतो तो मोठ्या दाण्याचा मकाही नाही. फार तर तडकेल. लाह्यांचा मका वेगळ्या जातीचा असतो: दाणा लहान, टणक, चकचकीत. त्याचं साल अभेद्य म्हणावं इतकं घट्ट असतं आणि आत १३.५ ते १४ टक्के पाणी असतं. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते, पण सालामुळे ती बाहेर पडू शकत नाही. आतला पिष्ठ पदार्थ शिजून मऊ होतो, दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे नऊपट होतो आणि १८० अंश सेल्सिअसच्या आसपास साल फाटतं. दाब एकदम उतरल्यावर तो मऊ पिष्ठ फेसासारखा फुलतो आणि तिथेच थिजतो. शिट्टी नसलेला छोटासा कुकरच म्हणा ना.

एवढं लक्षात आलं की गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, का राहतात हे वेगळं सांगावं लागत नाही. दाणा जुना होऊन सुकला असेल तर वाफ पुरेशी धरत नाही. सालाला बारीकशी चीर असेल तर वाफ हळूच निघून जाते. पिशवीच्या तळाशी फुटके दाणे आणि भुसा दिसला तर ती पिशवी घेऊ नका. आणि आच फारच मंद असेल तर दाब तयार होण्याआधीच दाण्याच्या टोकाकडून पाणी झिरपून जातं. उलट आच फार मोठी ठेवली तर साल आधी फाटतं, आतलं नीट शिजलेलं नसतं; लाह्या बारीक होतात आणि करपट वास येतो.

कृती सोपी आहे, पण क्रम पाळायचा. जाड बुडाचं, निदान ३ लिटरचं भांडं घ्या. कुकरचं भांडं उत्तम, कारण ते जाडही असतं आणि उंचही. त्याचं झाकण मात्र लावायचं नाही. वर ताट झाका आणि एका बाजूला बोटभर फट ठेवा. तेल घालून आच मध्यम करा आणि त्यात तीन दाणे टाका. ते तिन्ही फुटले की तेल तयार आहे. त्या तीन लाह्या बाहेर काढा, बाकीचे दाणे घाला, चिमूटभर हळद हवी असेल तर आत्ताच घाला, भांडं हलवून सगळ्या दाण्यांना तेल लावून घ्या आणि आचेवरून खाली उतरवा. शांतपणे तीस आकडे मोजा. मग परत आचेवर.

हे तीस आकडे गाळू नका. तेवढ्या वेळात सगळे दाणे जवळजवळ सारखे तापतात आणि मग जवळपास एकदमच फुटतात. नाहीतर पहिले फुटलेले तळाशी करपत राहतात आणि शेवटचे अजून तापत असतात. एकदा तडतड सुरू झाली की दर चार-पाच सेकंदांनी भांडं आडवं हलवत राहा. वाजणं थंडावलं, दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडायला लागलं, की गॅस बंद करून लगेच परातीत ओता. उरलेले पाच-सहा फुटावेत म्हणून थांबण्यात काही अर्थ नाही. त्यांच्यापायी शंभर करपतात.

ती बोटभर फट का, तर दाणा फुटतो तेव्हा त्यातली वाफ बाहेर पडते आणि झाकण घट्ट असेल तर ती पुन्हा लाह्यांतच मुरते. पॉपकॉर्न वातड होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. परातीत पसरायचं कारणही तेच. गरम लाह्या डब्यात भरून झाकण लावलं की दहा मिनिटांत त्यांची वाट लागते, पावसाळ्यात तर त्याहून लवकर. सादळल्याच तर कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, परत कुरकुरीत होतात.

तेलाबद्दल थोडं. रिफाइंड शेंगदाणा तेल चालतं. तूप त्याहून छान, पण नीट गाळलेलं हवं. बेरी राहिली असेल तर ती १८० अंशांवर जळून काळे ठिपके येतात. लोणी आणि बटर फोडायलाही नको आणि वरून ओतायलाही नको. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं आणि ते पाणी लाहीचा फेस जागच्या जागी विरघळवतं. बटरची चव हवी असेल तर घरचं तूप घाला, सुगंध सरस आणि लाह्या कोरड्या.

तेल अजिबात नको असेल तर हातगाडीवाल्यांची रीत घरी जमते. लोखंडी कढईत दीड-दोन वाट्या खडे मीठ पाच-सात मिनिटं चांगलं तापवा, त्यात दोन चमचेच दाणे टाका, झाऱ्याने सतत हलवत राहा. तडतड सुरू झाली की झाकण धरा, फुटून झालं की मोठ्या भोकांच्या चाळणीतून मीठ खाली पाडा. तापलेलं मीठ दाण्याला सगळीकडून सारखी उष्णता देतं, म्हणून गणंग कमी राहतात. खारटपणा आपसूक येतो, वरून घालू नका. रक्तदाब असणाऱ्यांनी ही रीत टाळावी. तेच मीठ थंड करून बरणीत भरलं की पुढच्या वेळी चालतं. कढई मात्र लगेच धुऊन पुसून तेलाचा हात लावायचा, मिठाने लोखंड फार पटकन गंजतं. नॉनस्टिक भांड्यात हा प्रयोग करू नका. कोरडं तापलं की त्याचा थर खराब होतो.

मायक्रोवेव्हमध्ये करायचे तर कोऱ्या तपकिरी कागदी पिशवीत ३ टेबलस्पून दाणे घाला, पिशवीचं तोंड दोनदा दुमडा, पिन मारू नका. पूर्ण शक्तीवर दोन ते अडीच मिनिटं. समोरून हलायचं नाही. आवाजात दोन सेकंदांची फट पडली की बंद. छापील कागद किंवा वर्तमानपत्र वापरू नका. एअर फ्रायरच्या भानगडीत तर पडूच नका. हलक्या लाह्या हवेच्या झोताने उडून वरच्या तापलेल्या कॉइलला लागतात.

चवीचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे नेमकं कळलं नाही तर माणूस पुन्हा मसाल्याच्या पाकिटाकडे वळतो. मसाला लाहीला चिकटत नाही, परातीच्या तळाशी जमतो, ही सगळ्यांची तक्रार असते. त्यावर उपाय दोन. मीठ आणि मसाला मिक्सरमधून पिठासारखा बारीक करून घ्यायचा, आणि लाह्या गरम असताना, अंगाला तेला-तुपाचा ओलावा असतानाच भुरभुरायचा. एक मिनिट उशीर झाला तरी निम्मा मसाला खाली. तिखट कधीही तापलेल्या तेलात दाण्यांबरोबर घालू नका, जळतं आणि घरभर ठसका होतो. लिंबू पिळायचं नाही, लाही जागीच बसते. आंबटपणाला आमचूर घ्या.

आपल्या स्वयंपाकघरातला पॉपकॉर्नला सगळ्यात शोभणारा मसाला म्हणजे मेतकूट. ते मुळातच बारीक दळलेलं असतं, डाळी भाजलेल्या असतात, हिंग-मेथी-सुंठीचा वास असतो. लाह्या २ चमचे तुपात फोडायच्या, परातीत ओतल्या ओतल्या २ चमचे मेतकूट आणि बारीक मीठ भुरभुरायचं, दोन्ही हातांनी हलकेच उलटसुलट करायचं. मेतकूट-तूप-भात ज्याला आवडतो त्याला हे आवडणारच. दुसरा प्रकार चिवड्याच्या अंगाने जाणारा: कढल्यात १ चमचा तेल, त्यात पूर्ण कोरडी केलेली कढीपत्त्याची दहा-बारा पानं कुरकुरीत होईपर्यंत, मग हिंग, गॅस बंद करून तिखट, ही फोडणी लाह्यांवर घालून मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि डाळं मिसळायचं. पानं ओली असतील तर ती मऊ राहतात आणि लाह्याही ओलसर करतात. काळं मीठ, जिरेपूड आणि आमचूर सम प्रमाणात हा तिसरा, लहान मुलांना चालणारा. सुकं खोबरं-लसूण चटणी चवीला झकास, पण भरड असते. वापरायची तर आधी बारीक करून.

गुळाचे पॉपकॉर्नही होतात: ५० ग्रॅम दाण्यांच्या लाह्यांना ६० ग्रॅम चिकीचा गूळ आणि १ चमचा तूप. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर काचेसारखा मोडला पाहिजे, नुसता गोळी झाला तर लाह्या दाताला चिकटतात. चिमूटभर सोडा घालून पाक फेसाळला की लगेच लाह्या मिसळा. पण हा सणावारी करायचा पदार्थ, रोजच्या संध्याकाळचा नव्हे. २०२४च्या डिसेंबरात जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर, मीठ-मसाल्याच्या सुट्या पॉपकॉर्नला ५ टक्के, पाकिटबंदला १२ आणि कॅरमेलच्या पॉपकॉर्नला १८ टक्के कर सांगितला गेला, तेव्हा बरीच थट्टा झाली. कराच्या दरांवर वाद घाला हवा तर, पण साखर चढली की त्याची गणना मिठाईत होते हा फरक स्वयंपाकघरात तरी पाळायलाच हवा.

तयार पाकिटांबद्दल एवढंच सांगते की पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. मका, पाम तेल, मीठ, रंग, स्वाद. तेल आणि मीठ किती ते तुमच्या हातात राहत नाही. सुटे दाणे अर्धा किलो आणले की ५० ग्रॅमच्या हिशोबाने दहा वेळा होतात, आणि वेळ पाकिटाएवढाच लागतो.

ज्यांच्याकडे नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या करतात त्यांनी त्याच रीतीने संध्याकाळच्याही कराव्यात. ज्वारी कोरडी असते म्हणून आदल्या रात्री तिला गरम पाण्याचा हबका मारून कापडात बांधून ठेवायची, सकाळी पसरून वरचं पाणी सुकवायचं आणि कडक तापलेल्या कढईत मूठ-मूठ टाकून कापडाच्या बोळ्याने दाबत फोडायची. मक्याएवढी फुलत नाही, पण साल पातळ असल्यामुळे दातांत अडकत नाही. कवळी किंवा हिरड्यांचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांना मी मक्याऐवजी हीच सुचवीन.

चार वर्षांखालच्या मुलांना मक्याच्या लाह्या देऊ नयेत. त्यांना नीट चावता येत नाही, तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि गणंग तर त्याहून धोक्याचा. मोठ्यांसाठीही वाडग्यात भरण्याआधी परात हलवून वरच्या लाह्या हाताने उचलून घ्या, गणंग तळाशी राहतात. मधुमेह असेल तर २५ ग्रॅम दाण्यांवर थांबा आणि सोबत फुटाणे घ्या. शेवटी हे धान्यच आहे, मोजूनच खायचं.

दाणे फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथली हवा त्यांना सुकवते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, गॅसपासून लांब. जुन्या दाण्यांत गणंग वाढायला लागले तर फेकूनही देऊ नका: अर्धा किलो दाण्यांना १ टेबलस्पून पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा, पहिल्या दिवशी अधूनमधून हलवत राहा आणि तीन-चार दिवस तसेच मुरू द्या. मग दहा दाणे फोडून बघा. नऊ फुटले तर बरणी सुधारली. लाह्या मोठ्या पण वातड आल्या तर पाणी जास्त झालंय. दाणे ताटात पसरून पंख्याखाली तासभर ठेवा आणि पुन्हा दहा दाणे टाकून बघा.