भूपेन खख्खर यांचा विनोद नुसता धक्का द्यायला?

चित्रकार भूपेन खख्खर यांच्यावरचा लेख आवडला, पण त्यांचा विनोद म्हणजे 'खळबळ माजवण्याची युक्ती' हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही बुवा. त्यांचं 1981चं 'यू कान्ट प्लीज ऑल' (सगळ्यांना खूश करता येत नाही) हे चित्र घ्या. गच्चीच्या कठड्याला टेकलेला, आपल्याकडे पाठ केलेला नागडा माणूस. खाली गावात काय चाललंय? तर बाप, लेक आणि गाढव! लहानपणी ऐकलेली तीच गोष्ट, एकाच कॅनव्हासवर पुन्हा पुन्हा. गाढवावर बसलं तरी लोक बोलणार, चालत गेलं तरी बोलणार. समलैंगिक असल्याचं जगाला सांगू पाहणारा पन्नाशीकडे झुकलेला माणूस हे चित्र काढतो, आणि त्यासाठी गाढव निवडतो! डोळ्यांत पाणी आणणारं चित्रही काढता आलं असतं की. ते टाळलं, यातच सगळी गंमत आहे.

शिवाय त्यांची माणसं कधी खदाखदा हसत नाहीत. 1975च्या चित्रातला प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ धरलेला तो गृहस्थ बघा, फोटो स्टुडिओत बसवल्यासारखा मख्ख चेहरा. हसू येतं ते आपल्याला, आणि मग जरा ओशाळायला होतं.

खख्खर म्हणजे मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला, पोटासाठी हिशेबनिशी करणारा सी.ए. घड्याळजी आणि शिंपी त्यांनी तेव्हाच, 1972मध्ये रंगवले होते. त्यात कसली आलीय खळबळ? लेखात त्या चित्रांचा उल्लेखसुद्धा नाही. लंडनमधल्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातल्या त्यांच्या 2016च्या प्रदर्शनावर तिथल्या एका समीक्षकानेही नाक मुरडलंच होतं. प्रदर्शनाचं नाव मात्र 'यू कान्ट प्लीज ऑल'च होतं!